ऑथेल्लोचा दोष ‘मत्सर’ म्हणून थांबायचं का? निबंध पात्रवर्णनाच्या पुढे कसा न्यावा?

दौतटाक:
शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’सारख्या शोकांतिकेतल्या नायकाच्या दोषावर लिहायला बसलं की गाडी पात्रवर्णनावरच अडते. ‘थोर सेनापती, पण मत्सरी, हाताखालच्या इयागोने त्याचा फायदा घेतला.’ पुढे काय? मग तंत्र म्हणून रुमाल, स्वगतं, नाट्यगत उपरोध (प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही) यांची यादी येते, पण पात्र एकीकडे आणि तंत्र दुसरीकडे राहतं. दोन्ही एकत्र कसं बांधायचं? दुसरा प्रश्न फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’वर आहे. कादंबरीत स्वगत नाही, मग तिथे काय बघायचं?

तिसरी_घंटा:
‘मत्सरी’ हे विशेषण आधी बाजूला ठेवा. मत्सर तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो. त्याआधीचा ऑथेल्लो मत्सरी नाहीच. मग आधीपासूनचं असं काय आहे जे इयागोच्या कामी येतं? माझ्या मते, त्याची निवाडा करायची रीत. नाटकात पुन्हापुन्हा कोणावर तरी आरोप होतो आणि कोणीतरी निकाल देतं. हे प्रसंग एकाखाली एक मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा: आरोप कोणाचा, साक्ष कोणाची घेतली, आरोपीला बोलू दिलं का.

पहिला अंक, तिसरा प्रवेश. ब्राबान्शिओचा आरोप आहे की ऑथेल्लोने त्याच्या मुलीशी, डेस्डेमोनाशी, जादूटोणा करून लग्न केलं. व्हेनिसचा प्रमुख, ड्यूक, सांगतो, नुसतं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. ऑथेल्लो स्वतः म्हणतो, तिलाच बोलावून विचारा. डेस्डेमोना येते, बोलते, प्रकरण मिटतं. इथे आरोपी तोच आहे, आणि रीतसर चौकशीने तोच वाचतो.

दुसरा अंक, तिसरा प्रवेश. ऑथेल्लोला तुर्कांविरुद्ध सायप्रसला पाठवलंय, तिथे रात्री दंगा होतो. आता न्यायाधीश ऑथेल्लो. संताप आपल्या विवेकावर चढतोय, हे तो स्वतःच बोलून दाखवतो. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ काही बोलू शकत नाही, सायप्रसचा अधिकारी माँतानो जखमी आहे. एकट्या इयागोच्या सांगण्यावर कॅसिओचं पद जातं.

तिसऱ्या अंकात इयागो डेस्डेमोनाचं कॅसिओशी सूत असल्याचा संशय पेरतो. ऑथेल्लो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो आणि मिळतं काय? कॅसिओ झोपेत बरळला म्हणे, आणि ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेल्या रुमालाने त्याने दाढी पुसली म्हणे. दोन्ही ऐकीव. त्याच प्रवेशात कॅसिओला तीन दिवसांत मारायचा हुकूम सुटतो. डेस्डेमोनाला काहीही विचारलेलं नाही. चौथ्या अंकात तो डेस्डेमोनाची दासी आणि इयागोची बायको एमिलिया हिला विचारतो खरा, ती छातीठोक सांगते की बाईसाहेब निष्कलंक आहेत, आणि तो ती साक्ष उडवून लावतो. पाचव्या अंकात डेस्डेमोनाच्या खुनाआधी तो स्वतःला न्यायाचा हात समजत असतो.

म्हणजे पहिल्या अंकातली ‘तिलाच विचारा’ ही सूचना ज्याची, तोच ती विसरतो. असं मांडलंत की रचना आणि दोष वेगळे काढताच येत नाहीत.

आता स्वगतं. ‘इयागोची स्वगतं उपरोध निर्माण करतात’ हे वाक्य कुठल्याही निबंधात चालतं, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी कारणं मोजा. पहिल्या प्रवेशात तो डेस्डेमोनावर लट्टू असलेल्या रॉडरिगोला सांगतो की बढती हुकली. पहिल्या अंकाच्या शेवटी स्वगतात म्हणतो, ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी असल्याची बोलवा आहे. खरं असो-नसो, मी खरं धरून चालणार. दुसऱ्या अंकात कॅसिओवरही तोच संशय. संशयालाच पुरावा मानायचं, हे ऑथेल्लो दोन अंकांनंतर करतो. इयागो सुरुवातीपासून तेच करतोय. हे साम्य दाखवलंत तर स्वगत हे तंत्र नायकाच्या दोषाशी थेट जुळतं.

विंगेतून:
वरच्याला पुस्ती, रुमालाबद्दल. ‘रुमाल हे विश्वासाचं प्रतीक’ लिहून सोडू नका, त्याचा प्रवास लिहा. तो पडतो कसा? ऑथेल्लोचं डोकं दुखतंय, डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते, ‘हा फार लहान आहे’ म्हणून तोच झिडकारतो. पुढे ज्या रुमालावरून जीव घेतो, तो हरवण्यात त्याचा स्वतःचा हात आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. तो रुमाल आईला एका इजिप्शियन जादूगारणीने दिला असं तो तिसऱ्या अंकात सांगतो. शेवटच्या अंकात म्हणतो, वडिलांनी आईला दिला. कोणी याला लेखकाची नजरचूक म्हणतं, कोणी ऑथेल्लोची बायकोवर दडपण आणायची क्लृप्ती. कुठलीही बाजू घ्या, पण दोन्ही जागा शेजारीशेजारी ठेवून घ्या.

मूळ गोष्ट इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ च्या कथासंग्रहातली. तिथे खलनायकाच्या मुलीला डेस्डेमोनाने कडेवर घेतलेलं असताना तो तिचा रुमाल स्वतः चोरतो. शेक्सपिअरने ती चोरी काढून टाकली आणि झिडकारणं घातलं. दोष कुठे हलवला ते या एका बदलात दिसतं.

आणि काळ! सायप्रसला उतरल्यापासून खुनापर्यंत रंगमंचावर जेमतेम दीड दिवस जातो. डेस्डेमोना आणि कॅसिओ वेगवेगळ्या जहाजांतून आलेले. व्यभिचाराला वेळच नाही. तरी कॅसिओची प्रेयसी बियांका म्हणते, कॅसिओ सात दिवस फिरकला नाही; एमिलिया म्हणते, नवऱ्याने शंभरदा रुमाल मागितला. जवळचा काळ ऑथेल्लोला विचार करायला उसंत देत नाही, लांबचा काळ आरोप शक्य वाटायला लावतो. साधा हिशेब केला असता तरी आरोप कोसळला असता, आणि तो हिशेब प्रेक्षकही नाटक चालू असताना करत नाही.

काठावरचा:
थोडा असहमत. सगळा दोष निवाड्याच्या रीतीवर टाकलात तर व्हेनिस सुटतं. इयागोचं हत्यार त्या समाजाने घडवलेलं आहे. ‘बापाला फसवलं, तुलाही फसवेल’ हे ब्राबान्शिओचं वाक्य. इयागो तिसऱ्या अंकात ते फक्त परत करतो. रंग, देश, दर्जा हा मुद्दा काढतो तो इयागो, पण त्याच्या लगेच आधी ‘निसर्ग आपली वाट सोडून कसा जातो’ असं अर्धं वाक्य ऑथेल्लोच्याच तोंडून निघतं. पुढच्या स्वगतात तो कारणं मोजतो: मी काळा, मला दरबारी गोडबोलेपण नाही, वय उतरलं. बाहेरच्यांची नजर आत शिरलीय. भाषेतही दिसतं. जनावरांच्या प्रतिमा पहिल्या अंकात इयागोच्या. चौथ्या अंकात ‘बोकड आणि माकडं’ ऑथेल्लो ओरडतो, आणि घेरी येऊन पडण्याआधी त्याची पद्यरचना मोडून गद्य होते.

टीकाकारांची नावं घालायची तर दोनच पुरेत. ब्रॅडली (१९०४) नायकाला थोर आणि जवळजवळ निर्दोष बळी मानतो. लीव्हिस (१९३७) म्हणतो, इयागो फक्त चालना देतो, मूळ रोग नायकाच्या आत्मगौरवात आहे. दोघांनाही शेवटच्या भाषणाशी भिडवा. ‘शहाणपणाने नव्हे, पण अतिशय प्रेम केलं’ असं ऑथेल्लो स्वतःबद्दल म्हणतो. तुम्ही ते मान्य करता का, हा निबंधाचा खरा प्रश्न. बरेच जण ते भाषण लेखकाचा अभिप्राय समजून उतरवून काढतात, तिथेच घात होतो.

तिसरी_घंटा:
@काठावरचा, मान्य, ड्यूकची निष्पक्षताही तुर्कांचं आरमार सायप्रसवर चालून आल्यामुळे आहे, हे माझ्या मांडणीत यायला हवं.

मराठी वाचकाला तुलना हवी तर ‘एकच प्याला’. तळीराम इयागो नव्हे. तो बाहेर उभा राहून कट रचत नाही, त्याच प्याल्यात बुडालेला आहे. आणि सुधाकर व्यसनाच्या पायऱ्या रामलालला स्वतः समजावून सांगतो. त्याला दोष दिसतो, पण पाऊल मागे येत नाही. ऑथेल्लोला पाऊल मागे घेता आलं असतं, पण दोष दिसत नाही. एकाच साच्यात दोघांना बसवू नका.

समास:
बोव्हारीबद्दल थोडक्यात. स्वगताची जागा निवेदनाची एक लकब घेते: वाक्य निवेदकाचं, तृतीयपुरुषी, पण शब्द आणि उसासे नायिका एम्माचे. ‘ती म्हणाली’, ‘तिला वाटलं’ गायब. प्रत्येक भावूक वाक्यापाशी विचारा, हे मत कोणाचं? उत्तर डळमळलं की खूण करा. तुमचं साहित्य त्या खुणांतच आहे. कृषिप्रदर्शनाचा प्रसंग (दुसरा भाग, आठवं प्रकरण) घ्याच. वर एम्माला भुलवणाऱ्या रोदोल्फचं प्रेमाचं भाषण, खाली खताच्या बक्षिसाची घोषणा, आणि लेखक दोन्ही आलटून पालटून देतो. एकही टिप्पणी नाही. या कादंबरीवरच्या १८५७ च्या खटल्यात सरकारी वकिलाची तक्रार नेमकी हीच होती की पुस्तकात या बाईला दोषी ठरवणारं कोणीच नाही.

ऑथेल्लोसाठी एक सूचना. उतारा देण्याआधी आवृत्ती बघा. १६२२ ची क्वार्टो (लहान आकाराची छापील प्रत) आणि १६२३ ची फोलिओ (मोठ्या आकाराचा नाट्यसंग्रह) यांत फरक आहे; फोलिओत सुमारे १६० ओळी जास्त. डेस्डेमोनाचं विलोचं गाणं क्वार्टोत नाही. त्या गाण्यावर परिच्छेद लिहिणार असाल तर कुठली संहिता वापरताय ते तळटीपेत नोंदवा.