दुसरी गाडी उभी ठेवून भागत नाही
अडीनडीला दारात दुसरी गाडी हवीच, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी दोन गाड्या होत्या. एक घेऊन भाऊ यवतमाळला गेलेला, आणि त्याच रात्री बाबांच्या छातीत कळ आली. दुसरी दोन महिने शेडमध्ये उभी, बॅटरी पार उतरलेली. शेजारच्या काकांनी बोलेरो काढली म्हणून वेळेत पोचलो. सोयाबीनची पोती जवळ असली की उंदीर वायरी कुरतडतात, ते वेगळंच.

शिवाय १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) एकदम काढावा लागतो, गाडी फिरो न फिरो. आम्ही दुसरी विकली. आता भिंतीवर १०८ आणि काकांचा नंबर लिहिलाय, आमच्या गाडीची चावी कुठे असते ते त्यांनाही ठाऊक आहे.