ट्रायंफ स्पिटफायरचं सस्पेन्शन पार गेलंय, सुरुवात कुठून करू?

स्पिटफायर_६८ (संभाजीनगर)
नमस्कार मंडळी. माझ्याकडं १९६८ ची स्पिटफायर मार्क ३ (जुनी ब्रिटिश दोनसीटर गाडी) आहे, पुण्याहून घेऊन सहा महिने झाले. इंजिन झकास पण खालून गाडी खिळखिळी झालीय. स्पीडब्रेकरवर पुढून कटकट आवाज यायलाय, स्टेअरिंग सरळ धरलं तरी डावीकडं ओढायलीय, आन् परवा खुलताबादकडून दौलताबादचा घाट उतरताना वळणात जरा ब्रेक दाबला तर मागची बाजू एकदम उचलल्यासारखी झाली, पोटात गोळाच आला. मागून बघितलं तर दोन्ही चाकं वरून आत झुकलेली, टायर आतल्या कडेला गुळगुळीत. मेकॅनिक म्हणतो चारी शॉकअप बदला. बाहेरून मागवायचे म्हणजे मोठा खर्च. तेवढ्यानं भागंल का?

हेराल्डवाले_लातूर
दादा, शॉकअपला आत्ता हात लावू नका. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली, आणि तुमची स्पिटफायर हेराल्डवरूनच बेतलेली, पुढची मांडणी जवळपास एकच. आधी ट्रनिअन बघा. खालच्या विशबोनला (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याला) जोडणारा कांस्याचा तुकडा, त्यात उभी लिंक (चाक धरणारा उभा दांडा) आट्यांनी बसलेली असते आणि स्टेअरिंग फिरवलं की ती त्या आट्यांवरच फिरते. तिथं ग्रीस नाही चालत, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही आन् वरचं वाळून घट्ट होतं. मी स्वतः लिंक खोलली तेव्हा आत ग्रीस कसलं, काळा गूळ साचल्यासारखं होतं, खालचे आटे कोरडे आणि गंजलेले. मला हे कळलं ते लिंक तुटल्यावर. औशाच्या रस्त्यावर गाडी हळू होती म्हणून वाचलो, चाक आडवं होऊन मडगार्डमध्ये घुसलं. त्याआधी कितीतरी वर्षं सर्व्हिसिंगला प्रत्येकजण ग्रीसच मारत आला होता. घाटात जायच्या आधी हे तपासा, हात जोडून सांगतो.

तपासायचं असं, पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक वर आणि खाली धरून हलवा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे बेअरिंगचा खेळ बाजूला राहतो, त्यानंतरही खालून हललं तर ट्रनिअन किंवा त्याचे बुश (सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या) गेले.

जालना_टर्नर
काकांचं बरोबर आहे. मी लेथवर काम करतो म्हणून एक सांगतो, ट्रनिअन पितळेच्या रॉडमधून इथंच काढून देतो असं कुणी म्हणलं तर ऐकू नका. मूळचा तुकडा कांस्याचा असतो, मऊ पितळ आटे धरत नाही आन् हा जीव जाण्यातला पार्ट आहे. बाहेरच्या नळ्या, बोल्ट, वॉशर इथं बनवा, खुशाल बनवा. ट्रनिअन आणि उभी लिंक मात्र मागवाच.

आता मागचं. चाकं वरून आत झुकली म्हणजे आडवा पाटा (पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग) बसलाय, कमान उतरलीय. त्या गाडीत एकच पाटा, मधे डिफरन्शिअलवर (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) पक्का आणि दोन्ही टोकांना चाकं. ट्रकचे पाटे ठोकणारे कमान परत आणून देतात, पण थंड ठोकून आणलेली कमान पुन्हा बसते, तापवून नीट पाणी दिलेली पाहिजे. पाटा खोललाच तर पात्यांच्या टोकांमधली बटणं पण बदला. आणि वळणात मागचं उचलणं हा नुसता झिजलेल्या पाट्याचा दोष नाही बरं का, त्या मांडणीचाच स्वभाव आहे. ब्रेक दाबला की मागचं वजन हलकं होतं, बाहेरचं चाक आत दुमडतं. कंपनीनं १९७० च्या शेवटी मार्क ४ आणली त्यात पाट्याची बांधणी बदलून ते बरंच कमी केलं. तुमच्या मार्क ३ ला नवा पाटा टाकला तरी वळणाच्या आधीच वेग कमी करायची सवय लावा.

स्पिटफायर_६८ (संभाजीनगर)
आज दुपारी उघडलं. दोन्ही पुढची चाकं खालून हलायलीत, डावीकडचं जास्त. ट्रनिअनचा बोल्ट काढून बघितलं, तेलाचा थेंब नाही. आता दोन्ही बाजूंचे ट्रनिअन, लिंक, सगळे बुश मागवतो. बुश रबराचे घेऊ का पॉलियुरेथेन?

जालना_टर्नर
रबरच घ्या. पॉली टिकतं जास्त पण गाडी कडक होते, आपल्या रस्त्यावर हादरा सगळा चासीला जातो. पण एक चूक हमखास होते, बुश बसवून गाडी हवेत असतानाच बोल्ट आवळतात. मग गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं आणि महिन्यात फाटतं. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकावर उतरवा, माणसं बसवून दोन-चार वेळा दाबा, मगच आवळा. पुढची स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली आहे, सुटी करायची असेल तर स्प्रिंग दाबून धरायचा चांगला कॉम्प्रेसर आणा, दोरी-तारेनं बांधून नको, निसटली तर हात जातो.

हेराल्डवाले_लातूर
मागवताना डावं-उजवं नीट लिहा, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. बसवताना लिंक ट्रनिअनमध्ये पूर्ण आत फिरवा आणि मग थोडी मागे घ्या, एका फेऱ्यापेक्षा जास्त नको, दोन्ही टोकांना स्टेअरिंग मोकळं फिरतंय का बघा. ट्रनिअनच्या बोल्टच्या जागी निपल (गन लावायचं तोंड) लावून ग्रीस गनमध्ये ९० नंबर भरा, वरून तेल बाहेर येईपर्यंत मारा. पुस्तकात साधारण १०,००० किलोमीटर असतं, आपल्या धुळीत मी त्याच्या निम्म्यातच मारतो. अलाइनमेंट सगळं झाल्यावर शेवटी करा. आणि नवे पार्ट येईपर्यंत गाडी शेडमधून काढू नका.