उतरताना पंखावर धरणारा बर्फ आणि छोट्या विमानांचे अपघात

प्रश्न : विजापूर रोडकर, सोलापूर

माझी भाची अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे आणि तिचा तिथला पहिला हिवाळा आता सुरू होत आहे. ताईच्या घरी साहजिकच काळजी आहे, म्हणून मी या विषयावर वाचू लागलो आणि ८ डिसेंबर २०१४ रोजी मेरीलँडमधील गेथर्सबर्ग येथे झालेल्या अपघातापाशी अडलो. एम्ब्रेअर फेनॉम १०० हे छोटे जेट धावपट्टी एक मैलही दूर राहिली नसताना घरांवर कोसळले. त्यात विमानातील तिघे आणि एका घरातील आई व तिची दोन लहान मुले, असे सहा जण मृत्युमुखी पडले. पंखांवरील बर्फ काढण्याची यंत्रणा विमानात होती, पण ती चालूच केली गेली नव्हती. असे का व्हावे, आणि बर्फ घेऊन इतका वेळ उडत आलेले विमान नेमके उतरतानाच का पडावे? शिवाय आपल्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याला जाणाऱ्या एटीआर विमानांना हा धोका कितपत आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त वायुसैनिक, जुळे सोलापूर

आधी एक गैरसमज दूर करतो. जमिनीवर पडलेला बर्फ किंवा कोरडी कडाक्याची थंडी पंखाला फारशी त्रास देत नाही. त्रास देते ते ढगातले पाणी. शून्याखाली तापमान गेले तरी ढगातील थेंब द्रवरूपातच राहू शकतात आणि पंखाच्या पुढच्या कडेला आदळताक्षणी गोठतात. तो थर जाड असावा लागतो असेही नाही. जाड सँडपेपरइतका खरबरीतपणा आला तरी पंखाची उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते आणि हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

आता उतरतानाच का, याविषयी. प्रत्येक पंखाचा एक किमान वेग असतो, त्याखाली गेल्यास विमान ‘स्टॉल’ होते, म्हणजे पंख भार पेलणे सोडून देतो. बर्फ धरला की हा किमान वेग वाढतो. वरती, भरधाव उडताना, वैमानिकाच्या हाती भरपूर वेग शिल्लक असतो आणि ऑटोपायलट विमान सरळ ठेवत असल्यामुळे बिघाड जाणवतही नाही. उतरताना मात्र वेग मुद्दाम कमी करावा लागतो आणि खाली जेमतेम काहीशे फूट उरलेले असतात. तिथे स्टॉल झाल्यास नाक खाली करून वेग परत मिळवायला उंचीच नसते.

यंत्रणा चालू का केली नाही, हे त्या वैमानिकाच्या मनातले होते. आपण फक्त परिस्थिती पाहू शकतो. ती चालू केली की पुस्तिकेप्रमाणे उतरण्याचा वेग वाढवावा लागतो, वेग वाढला की धावपट्टी लांब लागते, आणि तिथली धावपट्टी सुमारे ४,२०० फुटांचीच आहे. मला यातला मोह खरा वाटतो. आणखी वाईट म्हणजे, यंत्रणा चालू असती तर स्टॉलची सूचना देणारी प्रणालीही वाढीव वेगाला वाजली असती. ती बंद राहिल्याने सूचना निरभ्र हवेच्या हिशेबाने आली, म्हणजे उशिरा.

उत्तर : विमान अभियांत्रिकी शिकवणारा

वरील विवेचनाला पुस्ती म्हणून याच्या उलट बाजूचा अपघात सांगतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे उड्डाण ३४०७ न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ उतरताना पडले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशा ५० जणांचा त्यात अंत झाला. सुरुवातीला सगळे खापर बर्फावर फुटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात मात्र वेगळेच निघाले : बर्फाच्या परिस्थितीसाठीची वाढीव वेगाची कळ चालू होती, पण उतरण्याचा वेग निरभ्र हवेचा, ११८ नॉट, लावलेला होता. त्यामुळे १३१ नॉटलाच कंट्रोल कॉलम (वैमानिकाच्या हातातला, नाक वर-खाली करणारा दांडा) स्टॉलची सूचना म्हणून थरथरू लागला. तेव्हा विमान स्टॉल झालेले नव्हते. नाक खाली करायचे, तिथे कॅप्टनने कॉलम मागे ओढला आणि विमान खरोखरच स्टॉल झाले. एकीकडे कळ बंद आणि वेग कमी, दुसरीकडे कळ चालू आणि वेग तरीही कमीच. म्हणून मी विद्यार्थ्यांना बर्फाच्या थराची जाडी विचारत नाही, कोणत्या हवेसाठीचा वेगाचा आकडा लावला आहे ते विचारतो.

प्रश्नकर्ता : विजापूर रोडकर

दोघांचेही मनापासून आभार. आकड्याचा मुद्दा आता लक्षात आला. सोलापूरच्या एटीआरबद्दलचे उत्तर मात्र राहिले.

उत्तर : विमान अभियांत्रिकी शिकवणारा

एटीआर ७२ चे नाव या विषयात येते ते ३१ ऑक्टोबर १९९४ च्या इंडियानातील रोझलॉन अपघातामुळे, ज्यात ६८ जण गेले. ते विमान घिरट्या घालत थांबले असताना मोठ्या गोठणाऱ्या थेंबांमुळे पंखावर, रबरी ‘बूट’ (पंखाच्या पुढच्या कडेवरचे, फुगून बर्फ फोडणारे पट्टे) पोहोचत नव्हते तिथे, बर्फाची वरंबी तयार झाली होती. त्यानंतर हे फुगणारे बूट मागेपर्यंत वाढवण्यात आले.

आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची रेषा साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. तिच्यावरच्या ढगांत बर्फ धरू शकतो, नाही असे नाही. पण विमान सोलापूरला उतरायला लागले की खालच्या उबदार हवेत तो वितळून जातो. जानेवारीतही इथल्या जमिनीलगत गोठण्याइतकी थंडी नसते. मेरीलँडमध्ये त्या दिवशी ढगात धरलेला बर्फ पंखावरून उतरलाच नाही. सोलापूरच्या हिवाळ्यात पहाटेच्या धुक्याची चिंता जास्त रास्त आहे, आणि तिचा इलाज उशिरा निघणे किंवा दुसरीकडे जाणे एवढाच.

उत्तर : निवृत्त वायुसैनिक, जुळे सोलापूर

भाचीबद्दल दोन शब्द. प्रशिक्षणाच्या बहुतेक छोट्या एकइंजिनी विमानांत पंखावरचा बर्फ काढण्याची सोयच नसते, म्हणून अशा ढगांत शिरणे त्यांना मुळातच मना असते. चांगल्या शाळा अशा दिवशी उड्डाण रद्द करतात. एक मात्र तिला आवर्जून विचारायला सांगा : तिच्या विमानाला कार्ब्युरेटर आहे की इंधन थेट फवारले जाते? कार्ब्युरेटर असल्यास बाहेर वीस अंश असतानाही दमट हवेत त्याच्या आत बर्फ धरू शकतो, आणि तोही बहुधा उतरताना इंजिनाची ताकद कमी केल्यावर. कार्ब्युरेटर गरम करण्याची खिट्टी कधी ओढायची, हे तिच्या चेकलिस्टमध्ये लिहिलेले असेल.