मदत हवी आहे: रेडिसला ६ जीबीची मर्यादा घातली, तरी रात्री प्रोसेस मरते

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे इथेच अडकले आहे. ८ जीबी रॅमच्या सर्व्हरवर फक्त रेडिस (डेटा रॅममध्ये ठेवणारा डेटाबेस) चालतो. लॉगिन सेशन, शोधाचे कॅश केलेले निकाल आणि ईमेल पाठवायची रांग, सगळं त्यातच आहे. आधी मॅक्समेमरी (रेडिसच्या डेटासाठीची मेमरीची मर्यादा) लावलेलीच नव्हती. ६४ बिटवर ती मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असते, हे उशिरा कळलं. आता ६ जीबी लावली आहे, पॉलिसी व्होलाटाइल-एलआरयू, म्हणजे जागा भरली की मुदत असलेल्या नोंदींपैकी बराच काळ न वापरलेल्या काढायच्या.

रात्री शोधाचे निकाल ताजे करणारा जॉब चालू असताना लिनक्स कर्नल रेडिसला मारून टाकतो. त्याच्या जरा आधी इन्फो मेमरी या कमांडमध्ये यूज्ड मेमरी ५.८ जीबी होती. मर्यादा पाळली जातेय, मग ८ जीबी संपतात कसे? शिवाय दिवसा लोक मधूनच लॉगआउट होतात. सगळ्यात जास्त काळजी रांगेची आहे. त्यातले ईमेल गेले तर परत मिळणार नाहीत. रॅम सध्या वाढवता येणार नाही.

प्रतिसाद १
त्या जॉबच्या वेळीच स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची डिस्कवर प्रत काढणं, सुरू होत असणार. त्यासाठीच्या बीजीसेव्ह कमांडमध्ये रेडिस फोर्क करतो, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढतो. सुरुवातीला दोन्ही प्रोसेस मेमरीची तीच पानं वापरतात, पण मूळ प्रोसेसने ज्या पानावर लिहिलं त्याची वेगळी प्रत होते, हेच कॉपी-ऑन-राइट. तुमचा जॉब तर धडाधड लिहितोय. ही जादा मेमरी मॅक्समेमरीच्या हिशोबात येतच नाही. रेडिसच्या लॉगमध्ये स्नॅपशॉटनंतर कॉपी-ऑन-राइटला किती एमबी लागले त्याची ओळ असते, ती बघा. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं वापरायची लिनक्सची सोय) चालू असतील तर आधी बंद करा, नाहीतर एक बाइट बदलला तरी ४ केबीऐवजी २ एमबीची प्रत होऊ शकते. मी असते तर मर्यादा ४ जीबीवर आणली असती.

लॉगआउटचं कारण वेगळं वाटतं. शोधाच्या एखाद्या की वर (नोंदीच्या नावावर) टीटीएल, म्हणजे उरलेली मुदत सांगणारी कमांड, चालवून काय येतं ते सांगा.

धागाकर्ती
-१ आलं, म्हणजे मुदतच नाही! पहिल्यांदा लिहिताना ८६४०० सेकंदांची मुदत देतोच आम्ही. सेशनवर मात्र नीट आकडा दिसतोय.

प्रतिसाद २
मग सापडलं. रात्रीचा जॉब साधा सेट (की लिहायची कमांड) वापरत असेल, आणि साधा सेट आधीची मुदत पुसून टाकतो. व्होलाटाइल पॉलिसी मुदत असलेल्याच की काढते. म्हणजे निकाल ठाण मांडून बसतात आणि जागेसाठी बळी जातात सेशन. सेटसोबत ईएक्स (सेकंदांतली मुदत) द्या. जुनीच मुदत राखायची असेल तर रेडिस ६.० पासून सेटला कीपटीटीएल हा पर्याय आहे. मर्यादा त्यानंतरच कमी करा, आधी केलीत तर उरलेली सेशनही जातील.

आणि ऑलकीज-एलआरयूच्या, म्हणजे मुदत असो-नसो कुठलीही की काढणाऱ्या पॉलिसीच्या, मोहात पडू नका. रांगसुद्धा एक की च आहे, तीही उडेल. कॅशचा इन्स्टन्स (रेडिसची स्वतंत्र प्रोसेस) वेगळा करा, त्याला ऑलकीज-एलआरयू चालेल आणि स्नॅपशॉटही नको. सेशन आणि रांग दुसऱ्यात, नोएव्हिक्शनवर, म्हणजे काहीच न काढणाऱ्या पॉलिसीवर. दोन्हींची बेरीज ८ जीबीच्या बरीच खाली ठेवा.

धागाकर्ती
जॉबमध्ये खरंच साधा सेट होता. ईएक्स घातलं, हाताने एकदा चालवलं, आता टीटीएल ८६३९१ दाखवतोय. ह्यूज पेजेस चालू होती, बंद केली. दोघांचे मनापासून आभार. वेगळा इन्स्टन्स या आठवड्यात करते. आज रात्रीच्या स्नॅपशॉटचा कॉपी-ऑन-राइटचा आकडा उद्या इथे टाकते, मर्यादा ठरवायला मदत करा.