'दुवे अधोरेखित करा' म्हणजे नक्की काय करा?

प्रश्न (राजारामपुरी): उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या संकेतस्थळाचा मजकूर लिहून दिला. वर टीप घातली, 'सर्व दुवे अधोरेखित करावेत.' संकेतस्थळ बनवणाऱ्या पोरानं सगळे दुवे, म्हणजे लिंक, मरून रंगाचे केले, रेघ एकही नाही. विचारलं तर म्हणतो, "उठून दिसायला पाहिजेत न्हवं? दिसतायत की!" चूक कुणाची?

उत्तर (मंगळवार पेठ): वापराची. अधस् म्हणजे खाली, त्यावरून अधोरेखा, अधोरेखित. पण 'मंत्र्यांनी शिक्षणाचे महत्त्व अधोरेखित केले' असं रोज छापून छापून त्यातली रेघ पुसली, नुसता भर उरला. पोरानं भर दिला, बिचाऱ्याचं काय चुकलं?

रेघ मात्र हवीच. माझ्या मामांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. गडद मरून त्यांना काळाच. तांबडा रस्सा ते तर्रीवरून ओळखतात, पण दुव्यावर तर्री कुठली? वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी नियम आहेत, त्यातला १.४.१ हेच सांगतो: रंग ही एकमेव खूण नको. रेघ टाळायचीच असेल, तर दुवा आणि भोवतीचा मजकूर यांच्या उजळपणात निदान ३:१ फरक ठेवा, शिवाय माउस नेल्यावर किंवा टॅबनं पोचल्यावर तरी रेघ उमटू द्या. नेहमीचा मरून काळ्याशेजारी जेमतेम १.९:१ भरतो. ब्राउझरचा मूळचा निळासुद्धा २.२:१ च्या आसपासच. तो तरतो खालच्या रेघेवर.

प्रश्नकर्ता: पोरगं म्हणतं, मराठीत रेघ घाण दिसते. 'कोल्हापूर'मधल्या 'पू'चा ऊकार कापते.

उत्तर (शाहूपुरी): हे त्याचं खरं आहे. आपल्याकडं वर शिरोरेघ, खाली उकार नि ऋकार; इंग्रजीच्या मापानं मारलेली रेघ नेमकी त्यांच्यातून जाते. 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' हे रेघेच्या अंतराचं माप वाढवून ती खाली सरकवायला सांगा. किती, ते फॉन्ट बघून. 'पू', 'कृ', 'द्दु' लिहून बघायचं.

आणि जाता जाता, माझं भांडण 'दुवा'शीच आहे. सांधणारा दुवा कळतो, पण 'येथे दुवा द्या' वाचलं की मला आज्जी आठवते. तिचा दुवा अरबीतला, आशीर्वादाचा. सरळ लिंक म्हणा.

प्रश्नकर्ता: 'प्रत्येक लिंकखाली रेघ मार, उकाराच्या खालनं' असं लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं, "मग आधीच तसं लिहायचं की ओ!"