मदत हवी आहे: कार वाहणाऱ्या ट्रेलरचा ॲक्सल नेमका कुठे बसवावा?

जालन्याजवळील आमच्या गॅरेजसाठी, खेड्यांत बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आणण्याऐवजी चढवून आणता याव्यात म्हणून, लोखंडी चॅनेलचा १३ फुटी ट्रेलर बनवत आहोत. ओढण्यास बोलेरो आहे. गाड्या मारुती ८०० ते स्विफ्ट एवढ्याच, म्हणजे साधारण ६५० ते ९५० किलोच्या.

कमानपाट्यांसह एकच ॲक्सल सध्या केवळ वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून मधोमध ठेवला आहे. गाडीचे तोंड पुढे असले की हुकाखालच्या वजनकाट्यावर पुरेसा भार दिसतो. मात्र इंजिन उतरवलेली किंवा उलटी चढवावी लागलेली गाडी असली, की पुढचा दांडा चक्क उचलला जातो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर नसेल तर ट्रेलर वेगात डोलतो, हे ठाऊक आहे. टायरची हवा व हुकाची उंची तपासली. गाडी आणखी पुढे घेण्यास जागा नाही. दुसरा ॲक्सल खर्चात बसत नाही आणि आरटीओ नोंदणीची चौकशी वेगळी चालू आहे.

अशा दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी ॲक्सल मध्यापासून किती इंच मागे पक्का करावा, की वेल्डिंग टाळून तो बोल्टवर सरकता ठेवणेच सुरक्षित ठरेल?