मदत हवी आहे: आर्क्टिक मंकीजची गिटार कुठे गेली?

मंडळी, शेफील्डच्या या बँडचा २०१३ चा 'एएम' हा अल्बम मी पारायणं केल्यासारखा ऐकलाय. त्याच भरवशावर २०१८ चा 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' लावला, तर गिटार मागच्या बाकावर आणि पियानो पुढे! अ‍ॅलेक्स टर्नर या त्यांच्या गायकाने गाणी पियानोवरच रचली म्हणे, त्यात चंद्रावरचं हॉटेल. तेव्हा चाहत्यांत उभी फूट पडली, तरी ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, मर्क्युरी या ब्रिटिश संगीत पुरस्काराच्या नामांकनातही आला. मला मात्र तिसऱ्या गाण्यालाच जांभई येते, काय करणार.

ज्यांना हा उशिरा का होईना आवडला, त्यांनी सांगा: सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू? शब्द समोर ठेवून ऐकू की नुसता कानावर पडू देऊ? 'आधी मोठा हो' हे दादाने ऐकवून झालंय, ते सोडून बोला.